विश्वास वाढवायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे. माहेर संगमनेरचं, लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढलात, संडे स्कूल, दृढीकरण सगळं रीतसर झालं. आता पिंपरीला राहता आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करता. यजमानांचं कंत्राटी काम दिवाळीच्या सुमाराला संपलं, दुसरं अजून मिळालेलं नाही. घराचा हप्ता आहे, दोन मुलांची फी आहे. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकता तेव्हा तोंडाने शब्द चालू असतात आणि डोक्यात पगाराची बेरीज-वजाबाकी. त्यात प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं, "तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून काम अडलंय." तुम्ही विचारताय की विश्वास वाढवायचा तरी कसा? आणि नोकरीसाठी अर्ज करणं, ओळखीत शब्द टाकणं, बँकेत चकरा मारणं, हे सगळं करतो म्हणजे आमचा देवावर भरवसा नाही असं ठरतं का?

मी बरीच वर्षं पाळक म्हणून सेवा करतोय, जास्त काळ नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि थोडा काळ पुण्याच्या बाजूला. हा प्रश्न लोक सभेत उभं राहून विचारत नाहीत. घरप्रार्थना संपते, चहा होतो, मी चपला घालायला लागतो आणि मग कुणीतरी हळूच विचारतं. तुम्ही तो उघडपणे विचारलात, हे फार चांगलं केलंत.

आधी त्या सभेतल्या वाक्याकडे बघू. ते मनात रुतून बसलं असेल तर मी पुढे काय लिहिलंय ते आत उतरणार नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप येतो. मुलाला लहानपणापासून झटके येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांकडे नेलं, त्यांना काही करता आलं नाही. हा बाप येशूपुढे येऊन म्हणतो की तुमच्याने काही होण्यासारखं असेल तर करा. 'असेल तर' म्हणतोय तो. आणि शेवटी रडकुंडीला येऊन कबूल करतो की माझा विश्वास आहे, पण माझ्यात अविश्वासही आहे, तो घालवा. प्रभूने त्याला 'जा, विश्वास वाढवून ये' असं सांगितलं नाही. त्याच दिवशी, त्याच गर्दीत मुलगा बरा झाला. आता दुसऱ्या बाजूला प्रेषित पौल बघा. त्याने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. काम झालं की विश्वास मोठा आणि अडलं की विश्वास छोटा असा हिशेब असता, तर त्या गोंधळलेल्या बापाचा विश्वास पौलापेक्षा मोठा ठरला असता. संकटांत सापडलेल्या ईयोबाचे मित्रही हेच म्हणत होते, तुझ्यातच काहीतरी कमी असणार. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर.

म्हणून ताई, यजमानांचं काम अडण्याचा संबंध तुमच्या विश्वासाच्या मापाशी लावू नका. ज्यांनी तसं म्हटलं त्यांचा हेतू वाईट नसेल, पण म्हटलं ते शास्त्राला धरून नाही.

आता मूळ मुद्दा. तुमचं लिहिणं वाचताना मला वाटलं की विश्वास म्हणजे मनात दाटून येणारी खात्री, असं तुम्ही धरून चालला आहात. ती खात्री रात्री येत नाही, म्हणून तुम्ही आणखी जोर लावता. जोर लावला की मन आणखी थकतं. माझ्या पाहण्यात असं जोर लावून कुणाचा विश्वास वाढलेला नाही. दूधवाल्याचं उदाहरण घ्या. तो उद्या येईल ना, असा विचार करत आपण रात्रभर जागत नाही. झोपण्याआधी भांडं दाराशी ठेवतो. त्याच्यावरचा आपला भरवसा त्या भांड्यात असतो, त्या वेळी मनात काय चाललंय यात नसतो. देवावरचा भरवसाही आपण रोज काय करतो, काय करायचं टाळतो आणि काय लक्षात ठेवतो यातून वाढतो. भावना मागून येते, कधी बऱ्याच उशिरा येते.

हे मला सगळ्यात स्पष्ट कळलं ते मान्न्याच्या गोष्टीवरून. बायबलातल्या निर्गमाचा सोळावा अध्याय. संडे स्कूलमध्ये ऐकलेली आहेच, पण आता संसारी बाईच्या नजरेने पुन्हा वाचा. इस्राएल लोकांनी मिसर, म्हणजे इजिप्त, सोडून एखादाच महिना झालाय. बरोबर आणलेलं संपलं आणि कुरकुर सुरू झाली. मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवायला लागल्या. तेव्हा पहाटे दंव ओसरल्यावर जमिनीवर धण्यासारखं बारीक, पांढरं काहीतरी खायचं पडलेलं दिसलं, तोच मान्ना. आज्ञा अशी की माणशी एक ओमर गोळा करा. ओमर म्हणजे आजच्या मापाने साधारण दोन लिटर. प्रत्येकाने आपल्या तंबूतली माणसं मोजून तेवढं आणायचं.

आता यातल्या चार गोष्टी बघा. मी लोकांना रोजच्या भरवशाबद्दल जे काही सांगतो ते या चार गोष्टींतच आहे.

पहिली, मान्ना तंबूत येऊन पडत नव्हता. पहाटे उठून, वाकून, वेचून आणावा लागे आणि ऊन तापलं की तो वितळून जाई. म्हणजे देणारा देव आणि वेचणारे हात, दोन्ही एकाच वेळी. वेचायला जाणारा माणूस अविश्वासू ठरला नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. यजमान अर्ज करतात, जुन्या साहेबांना फोन करतात, हे त्यांचं वेचणं आहे. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना धमक्या आल्या तेव्हा काय केलं? देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. शास्त्रात दोन्ही एकाच वाक्यात आहे.

दुसरी, काहींनी भीतीपोटी उद्यासाठी लपवून ठेवला आणि सकाळी त्यात किडे पडून घाण सुटली. मला हा भाग फार जवळचा वाटतो, कारण चिंता करणारं मन हेच करतं. जूनच्या फीची काळजी आजच्या रात्री साठवून ठेवायची, नि सकाळी उठून बघावं तर आजचीही ताकद सडलेली.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, कारण सातवा दिवस विसाव्याचा. तो दुप्पट साठा मात्र सडला नाही. म्हणजे पुढचा विचार करून ठेवणं हे स्वतः पाप नाही. विमा, मुलांच्या नावे थोडी बचत, घरात महिन्याचा किराणा, यांत अविश्वास नाही. भीतीने साठवणं आणि देवाने दिलेल्या शहाणपणाने तरतूद करणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे: तरतूद केल्यावर तुम्हाला विसावा घेता येतो का? सातव्या दिवशीही काही लोक वेचायला बाहेर पडले होतेच, आणि त्यांना काही मिळालं नाही.

चौथी, देवाने मोशेला एक ओमर मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगितलं. चाळीस वर्षं रोज खाल्लेली गोष्टसुद्धा माणूस विसरतो, हे त्याला माहीत होतं.

वेचणं, उद्याचं ओझं आज न उचलणं, विसावा घेणं, आठवण ठेवणं. आता हे पिंपरीच्या फ्लॅटमध्ये, सकाळची शिफ्ट आणि मुलांचे डबे सांभाळून कसं करायचं ते सांगतो.

सकाळी पाच मिनिटं. जास्त नकोत, जास्त ठरवलीत तर आठवड्यात बंद पडेल. एक वही घ्या आणि त्या दिवसाची एकच गोष्ट लिहा, नेमकी. 'देवा, आमचं सगळं ठीक कर' ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती इतकी मोठी आहे की तिचं उत्तर आलं तरी आपल्याला ओळखू येत नाही. त्याऐवजी लिहा: आज अकरा वाजता यजमानांचा फोनवर इंटरव्ह्यू आहे, त्यांना घाबरायला होऊ नये. किंवा: आज सुपरवायझर बोलली तर मी उलट उत्तर देऊ नये. किंवा: थोरल्याच्या शाळेत फीसाठी मुदत मागायची आहे, मागायची लाज वाटू नये. त्याखाली एका ओळीत लिहा की यात माझ्या हातातलं काय आहे. फोन करायचाय, अर्ज लिहायचाय, गप्प बसायचंय, जे असेल ते. मग ते करा. उरलेलं देवाकडे सोपवलंय, हे तोंडाने म्हणा, मोठ्याने म्हणा. स्वयंपाकघरात म्हटलं तरी चालतं.

रात्री त्याच ओळीसमोर काय झालं ते लिहा. झालं तर झालं, नाही तर नाही. इथे खोटं लिहायचं नाही, देवाची बाजू सावरायलाही नाही.

राहुरी तालुक्यातल्या माझ्या एका मंडळीत एक विधवा बाई पिठाची गिरणी चालवायच्या. एकदा घरभेटीला गेलो तर त्यांनी पिठाने पांढरी झालेली शंभरपानी वही माझ्यापुढे ठेवली. मधोमध पेन्सिलने आखलेली रेघ. डावीकडे तारीख आणि मागणं, उजवीकडे काय झालं ते. 'गिरणीचा पट्टा तुटला.' समोर 'दोन दिवसांनी श्रीरामपूरहून आणला, बोरावके वस्तीवरच्यांनी पैसे उधार दिले.' 'लेकीला सासरी त्रास.' समोर 'जावई बोलायला लागला.' आणि पानोपानी, पुन्हा पुन्हा, 'धाकट्याची दारू.' त्याच्यासमोर काही नाही. मी त्या रिकाम्या जागेकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "पाळकसाहेब, ते अजून मागतीया. बाकीचं वाचलं की मागायला जोर येतो."

विश्वास वाढणं मी याहून स्पष्ट कुठे पाहिलेलं नाही. दुष्काळाच्या वर्षी गिरणीवर दळण येईना, तेव्हा त्या दर रविवारी दुपारी मागची पानं काढून मोठ्या सुनेला वाचून दाखवायच्या. ती वही म्हणजे त्यांच्या घरातलं मान्न्याचं भांडं होतं. रिकाम्या जागाही तशाच ठेवलेल्या, खोडलेल्या नाहीत, म्हणून तर भरलेल्या ओळींवर त्यांचा स्वतःचा विश्वास बसत होता.

आता प्रार्थना कोरडी वाटते त्याबद्दल. डोक्यात बेरीज-वजाबाकी चालते म्हणता, तर ती बेरीजच प्रार्थनेत आणा. तिला बाहेर हाकलण्यात शक्ती घालवू नका. हप्ता किती, पगार किती, कमी किती पडतात, हे देवाला आकड्यांसकट सांगा. तेरावं स्तोत्र उघडून बघा. दाविदाने 'किती काळ' असं चार वेळा विचारलंय, आणि ते आपल्या उपासनेत वाचलं जातं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची ओळ नाही. तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील त्या दिवशी एक स्तोत्र हळू आवाजात वाचा, किंवा ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती ओवी-अभंगांच्या चालीत आणली म्हणून ती आपल्या आज्या-पणज्यांच्या ओठांवर राहिली. जात्यावर, शेतात, आजाऱ्याच्या उशाशी म्हटली गेलेली ती गाणी आहेत. मन कोरडं असताना दुसऱ्याच्या भक्तीचे शब्द उसने घेण्यात काही कमीपणा नाही.

मात्र एक विचारायला हवं. झोप किती होते? जेवण होतं का वेळेवर? एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिला आणि लगेच पुढच्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर झालं, होरेबवर. काही आठवडे झोपच लागत नसेल, छातीत धडधडत असेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, आणि पाळकांनाही सांगा. ही विश्वासाची उणीव नाही, शरीर आणि मन थकल्याचं लक्षण आहे. आणि कुणीही, कितीही मोठ्या सभेत, औषधं बंद करा म्हणून सांगितलं तर ऐकू नका. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलं, ते काही प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला हे मी जास्त सांगायला नको.

पैशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी रात्र तिथे जागते.

आपल्या मंडळ्यांत विश्वासाने चालवलेल्या कामाचं उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचं नाव नेहमी घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. पण ते अर्धंच सांगितलं जातं. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत, 1882 साली, नवरा गेला, पदरात लहान मुलगी. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि तुमच्यासारख्या जन्मापासून मंडळीत असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: त्यांनी स्वतःच पुढे साक्षीत लिहिलं की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तो मनाचा ठाव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी मिळाला. रमाबाईंना एवढा काळ लागला, तर तुम्ही स्वतःवर घाई करू नका.

मग काम. अमेरिकेतल्या मंडळाने शारदा सदनला, म्हणजे रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला, दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपत आली त्याच सुमाराला, 1896-97 च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्युलरने माणसांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालवले होते. त्याची हकिकत रमाबाईंनी वाचलेली होती, आणि त्याच वाटेने त्या गेल्या. साक्षीत आपण इथपर्यंत सांगतो. पण म्युलर आलेल्या पै-पैशाचा हिशेब लिहून ठेवत असे आणि दरवर्षी तो छापून लोकांपुढे मांडत असे. केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना उभा केला, मुलींना कामं शिकवली. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या, आणि ते छापण्याचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. गुडघ्यावरची प्रार्थना आणि हिशेबाची वही त्या घरात एकमेकांच्या आड आली नाही. आणि एवढ्या विश्वासाच्या बाईला मरणाच्या आदल्या वर्षी, 1921 साली, आपल्या एकुलत्या मनोरमेला मूठमाती द्यावी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्यांचा भरवसा आयुष्य सोपं झालं म्हणून टिकला नव्हता.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. एका संध्याकाळी मुलं झोपल्यावर दोघांनी एक कागद घेऊन बसा. आधी एकत्र एक छोटी प्रार्थना करा आणि मग खरे आकडे लिहा. शिल्लक किती, हप्ता किती, कुणाचं देणं आहे, किती महिने निभेल. मी पाहिलंय की न लिहिलेला आकडा रात्री दुप्पट होतो. हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारा. चुकल्यावर गेलात तर बोलणं अवघड होतं. सावकाराकडून किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवरून पैसे उचलू नका. त्या चिखलात अडकलेली घरं मी जवळून पाहिली आहेत.

दान देण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण अशा दिवसांत ते मनात येतंच. एवढी रक्कम 'बीज' म्हणून टाका, शंभरपट परत येईल, अशी हमी देणाऱ्यांच्या हातात एक रुपयाही देऊ नका. देव व्यापार करत नाही. त्याच वेळी देणं पूर्ण थांबवूही नका. थोडं द्या, नियमाने द्या. पौल करिंथकरांना लिहितो की माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. या वर्षी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देणं, जमत नसेल तर त्याचं ओझं घेऊ नका. कुणाच्या घरी आजारपणात डबा पोचवणं हेही देणंच आहे. टंचाईत थोडंसं दिलं की मूठ सैल होते, आणि भीतीची पकड सैल व्हायला त्याने मोठी मदत होते, हा माझा कित्येक घरांतला अनुभव आहे.

यजमानांबद्दल. काम गेलेला माणूस घरात असतो तेव्हा तो बहुतेक वेळा गप्प होतो, आणि बायकोची प्रार्थना त्याला कधीकधी टोमणा वाटते. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, पण त्यांच्या समोर त्यांच्याबद्दल लांबलचक प्रार्थना करू नका. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत शास्त्रपाठ त्यांना वाचायला द्या, नाही म्हणाले तर मुलांना द्या. ते कशातून जाताहेत हे मला ठाऊक नाही. दारू आहे, मारहाण आहे, लपवलेलं कर्ज आहे, असं काही असेल तर वर लिहिलेलं पुरेसं नाही. तेव्हा सोसत राहणं म्हणजे देवावर भरवसा, असं समजू नका. लगेच तुमच्या पाळकांना, माहेरच्यांना सांगा, गरज असेल तर पोलिसांचीही मदत घ्या.

मुलांपासून सगळं लपवू नका. या वर्षी आपण सहलीला जाणार नाही, बाबांना काम मिळावं म्हणून आपण सगळे प्रार्थना करू, एवढं त्यांना कळू द्या. घरातली प्रार्थना खऱ्या गरजेसाठी असते हे मुलांनी पाहिलं की ते त्यांच्या आयुष्यभर पुरतं.

आणि मंडळी. सभेत ज्या साक्षी ऐकता त्या बहुतेक शेवट गोड झालेल्या असतात. ज्याचं अजून अडलंय तो उभा राहत नाही, म्हणून बसलेल्याला वाटतं की आपल्या एकट्याचंच अडलंय. मंडळीतल्या एखाद्या वयस्कर बाईला गाठा, जिने चाळीस-पन्नास वर्षं प्रभूबरोबर काढली आहेत, आणि तिला विचारा की उत्तर नाही मिळालं तेव्हा काय केलंत. तिच्याकडे जे मिळेल ते माझ्या या उत्तरात नाही. शिवाय तुमची अडचण दोन विश्वासू माणसांना स्पष्ट सांगा, आकड्यासकट. एकमेकांची ओझी वाहा असं शास्त्र सांगतं. पण ओझं दाखवलंच नाही तर वाहणार कोण? मदत मागणं ज्यांना जमत नाही त्यांना देवाकडे मागणंही जड जातं, असं मी पाहत आलोय.

विश्वास वाढतोय हे ओळखायचं कसं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. भीती यायची थांबेल असं मी सांगणार नाही. ती येईल, पण पूर्वी आठवडा मुक्कामाला असायची ती दुपारपर्यंत निघेल. भीती असतानाही तुम्ही खोटं बोलणार नाही, मुलांवर ओरडणार नाही, ठरवलेला फोन कराल. दुसऱ्याला नोकरी लागल्याची साक्ष ऐकून मनापासून 'प्रभूची स्तुती' म्हणता येईल. रविवारची दुपार खरोखर विसाव्याची होईल. यातलं एखादं जरी दिसलं तरी वहीत लिहा. आणि महिनाभर यातलं काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, खूप घरांत ते त्याहून उशिरा दिसतं. वही तेवढी चालू ठेवा.

उद्यापासून सुरुवात करताना एकदम सगळं करू नका. पहिला आठवडा फक्त सकाळची एक ओळ आणि रात्रीची एक ओळ. दुसऱ्या आठवड्यात तो आकड्यांचा कागद. मग बँक. यजमानांच्या पुढच्या इंटरव्ह्यूचा दिवस ठरला की इथेच खाली लिहा, नाव नको, फक्त तारीख आणि वेळ. आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थना असते, त्या यादीत मी 'पिंपरीच्या ताईंचे यजमान' असं लिहून ठेवलंय. निकाल काय लागला तेही कळवा, काम झालं नाही तरीसुद्धा कळवा. त्या बायका विचारतील.